आकडा आहे, यादी कुठे आहे?

२१ फेब्रुवारी १९४६ रोजी नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून बंडवाल्या नौसैनिकांना दम भरला. बंड मोडायला सरकार हाताशी असेल तेवढं बळ वापरील, त्यात अख्खं नौदल बुडालं तरी चालेल, असा त्याचा मथितार्थ होता. दम खरा वाटावा म्हणून त्याच दिवसांत ब्रिटिश हवाई दलाची विमानं मुंबई बंदरावरून घिरट्या घालून गेली. बाँब पडले नाहीत. स्वतःच्या राज्यकर्त्यांच्या हवाई हल्ल्याच्या इतक्या जवळ हे शहर त्याआधी गेलं नव्हतं आणि नंतरही गेलेलं नाही.

माणसं मात्र मेली, आणि ती बंदरात नव्हे, गिरणगावात आणि गिरगावात मेली. २२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवर गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर आले आणि गोऱ्या पलटणींनी लॉऱ्यांमधून गोळ्या चालवल्या. परळला कमल दोंदे गेल्या. त्यांच्याबरोबरच्या कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी घुसली. सरकारी आकडा नंतर जाहीर झाला: २२८ नागरिक आणि ३ पोलीस ठार, १०४६ नागरिक आणि ९१ पोलीस जखमी.

२२८ हा मोठा आकडा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या दुपटीहून जास्त. पण त्या २२८ जणांतली पाच नावं सांगा असं परळ-लालबागच्या कुणाही जाणत्या माणसाला विचारलं, तर कमल दोंदे या नावापाशी गाडी थांबते. नौसैनिकांच्या उठावाचं स्मारक कुलाब्याला आहे आणि तिथे उभा आहे तो खलाशी. रस्त्यावर मेलेला गिरणी कामगार, फेरीवाला, गॅलरीतून वाकून बघणारा पोरगा यांच्या वाट्याला नुसती बेरीज आली.

यादवी युद्धात सामान्य माणसं मरतात तेव्हा त्यांची नोंद कोण करतं, कशी करतं आणि ती कितपत धरून चालायची, हा प्रश्न गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर एका वेगळ्या शाखेचा विषय झाला आहे. सीरियाने तो ऐरणीवर आणला. जानेवारी २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने तिथल्या मृतांचा आकडा अद्ययावत करणं थांबवलं, कारण येणारी माहिती पडताळून घेणं त्यांना अशक्य झालं होतं. मोजणी थांबली, मरण थांबलं नाही. स्थानिक लोकांनी आपापल्या याद्या चालू ठेवल्या आणि पुढे त्याच याद्या जुळवून याच कार्यालयाला पुन्हा आकडा काढावा लागला. २०२१ मध्ये त्यांनी ३,५०,२०९ मृतांची नोंद जाहीर केली. त्यांची अट साधी होती: पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, मृत्यूचं ठिकाण. तिन्ही नसेल तर नाव यादीत नाही.

या तीन रकान्यांची फूटपट्टी घेऊन मुंबईकडे पाहिलं तर काय दिसतं, ते या लेखात तपासायचं आहे. आपल्याकडे विमानांतून बाँब टाकले गेले नाहीत आणि यादवी युद्ध हा शब्दही इथे कुणी वापरणार नाही. (देशात मात्र असं घडलेलं आहे. ५ मार्च १९६६ रोजी आपल्याच हवाई दलाने ऐझॉलवर हल्ला केला, सरकारने तेव्हा तो कबूल केला नाही, आणि मिझो लोक तो दिवस अजून पाळतात.) पण गोळीबार, दंगल आणि स्फोट यांत मेलेल्यांची मोजदाद करताना जे घोळ सीरियातल्या अलेप्पोत आणि इराकमधल्या मोसुलमध्ये होतात, तेच दादर-परळमध्येही झालेले आहेत. फरक प्रमाणाचा आहे, जातकुळी एकच.

आपल्याकडची सगळ्यांत गाजलेली यादी संयुक्त महाराष्ट्राची. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारात १५ जण गेले. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा नेहरूंनी केली आणि पुढचा आठवडाभर गिरगाव, ठाकूरद्वार, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यात पोलिसांच्या बंदुका चालत राहिल्या. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर केला, हे एक कारण. आणि गोळीबाराची चौकशी करायला सरकार तयार नाही, हे दुसरं. ही चौकशी शेवटपर्यंत झाली नाही. म्हणजे १९५६ च्या मृतांचा आयोग नाही, आयोगाचा अहवाल नाही, साक्षी नाहीत, उलटतपासणी नाही.

यादी केली ती चळवळीने. त्यामुळे तिच्यात चळवळीचे गुणही उतरले आणि दोषही. आकड्याचंच बघा. आधी १०५ हा आकडा घोषणेत बसला, मग १०६ झाले, आता १०७ म्हणतात. भाषणात अजून कुणी १०५ म्हणतो तेव्हा श्रोत्यांत बसलेला एखादा म्हातारा मान हलवतो. लालजी पेंडसे यांच्या ‘महाराष्ट्राचे महामंथन’मध्ये त्या दिवसांचा तपशील आहे, आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातल्या लोकांच्या तोंडून गोळा केलेल्या आठवणींतही ते दिवस येतात, पण १०५ चे १०७ कधी आणि कशाच्या आधारावर झाले, याचा हिशोब शाळेच्या पुस्तकात येत नाही. कुणाला त्याची गरज वाटत नाही, कारण ज्या कामासाठी हा आकडा वापरला जातो त्या कामाला तो पुरतो.

यादी मात्र शांतपणे, एकेक नाव करत वाचण्यासारखी आहे. पहिलं नाव सीताराम बनाजी पवार, दुसरं जोसेफ डेव्हिड पेजारकर, तिसरं चिमणलाल डी. शेठ. मराठी माणसाच्या लढ्याच्या यादीत तिसऱ्याच ओळीवर गुजराती नाव. आणखी खाली के. जे. झेवियर, पी. एस. जॉन, मुहम्मद अली, सय्यद कासम, मुनशी वझीरअली, होरमसजी करसेटजी, रावजीभाई डोसाभाई पटेल, करपैया किरमल देवेंद्र. निपाणीच्या कमलाबाई मोहिते आहेत, बेळगावचे आहेत, नाशिकचे आहेत. एके ठिकाणी नुसतं ‘बालमोहन’ लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी नुसतं ‘अनंता’. वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही. आणि पंधराव्या क्रमांकावर ‘गजानन ऊर्फ बंडू गोखले’. हे ‘ऊर्फ बंडू’ पोलिसांच्या कागदात सहसा येत नाही. घरचं कुणीतरी नाव सांगायला गेलं असणार आणि लिहिणाऱ्याने सांगितलं तसं लिहून घेतलं असणार.

या होरमसजींना किंवा रावजीभाईंना संयुक्त महाराष्ट्र हवा होता का? असेलही. कामावरून घरी चालले असतील आणि मध्ये गोळी आली असेल, असंही असेल. हुतात्मा म्हटलं की स्वखुशीने प्राण दिला हे गृहीत धरलं जातं, आणि गोळीबारात मरणारे बरेचसे लोक काही देत नसतात, त्यांच्याकडून घेतलं जातं. मोजदाद करणाऱ्या आजच्या संस्था म्हणूनच मृताच्या हेतूत शिरत नाहीत. हातात शस्त्र होतं की नव्हतं, एवढंच नोंदवतात. आपल्या यादीने त्या सगळ्यांना एकाच मानाच्या पंगतीत बसवलं. त्यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही, कारण त्या मानापोटीच ही नावं टिकली. मशाल धरलेला कामगार आणि शेतकरी फ्लोरा फाउंटनपाशी १९६१ मध्ये उभे राहिले. पुढाऱ्यांना दरवर्षी तिथे फुलं वाहावी लागतात आणि त्या निमित्ताने यादी छापून येते. १९४६ च्या २२८ जणांसाठी असं कुणी उभं राहिलं नाही. काँग्रेसला तो उठाव अडचणीचा होता, मुस्लिम लीगलाही होता, कम्युनिस्टांकडे सत्ता नव्हती. वारस नसलेल्या मालमत्तेचं जे होतं ते त्या यादीचं झालं.

आता सरकारी यंत्रणा कशी चालते ते पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रस्त्यावर प्रेत सापडलं की पोलीस पंचनामा करतात, दोन पंचांच्या सह्या घेतात, प्रेत पोस्टमॉर्टेमला पाठवतात. गिरणगावासाठी केईएम, भायखळा-डोंगरीसाठी जे. जे., मुंबई सेंट्रलला नायर. बेट-मुंबईत यात आणखी एक पायरी होती, कोरोनर. १८७१ च्या कायद्याने आलेलं हे कोरोनर कोर्ट मुंबईत १९९९ पर्यंत चालू होतं. म्हणजे १९४६, १९५६ आणि १९९३ या तिन्ही वेळी शहरातला प्रत्येक अनैसर्गिक मृत्यू पोलीस, डॉक्टर आणि कोरोनर अशा तीन टेबलांवरून जायला हवा होता. त्यानंतर पालिकेचा मृत्यूचा दाखला, आणि स्मशानात किंवा कब्रस्तानात आणखी एक नोंद. चंदनवाडी, भोईवाडा, मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तान, प्रत्येकाची नोंदवही वेगळी. एका मृत्यूचे पाच-सहा कागद निघतात. अभ्यासकाच्या दृष्टीने ही चैन आहे; सीरियात एक कागद मिळायची मारामार होती.

पण हे कागद एकमेकांशी बोलत नाहीत. पोलीस ठाण्याचा क्रमांक वेगळा, इस्पितळाचा वेगळा, स्मशानाचा वेगळा. गर्दीच्या दिवशी नाव न लिहिता ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०’ असं लिहिलं जातं आणि दोन दिवसांनी ओळख पटली तर ती एकाच कागदावर पडते, बाकीच्या चारांवर तो माणूस कायमचा अनोळखी राहतो. शिवाय हा सगळा व्याप प्रेत सापडल्यापासून सुरू होतो. प्रेत जळून गेलं, खाडीत गेलं किंवा ढिगाऱ्यात राहिलं, तर पहिला कागदच निघत नाही.

१४ एप्रिल १९४४ च्या गोदी स्फोटात हेच झालं. ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटली तेव्हा जपानी विमानं आली असंच अनेकांना वाटलं. सरकारने बातम्या दाबल्या. बाहेरच्या जगाला पहिली खबर जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दिली. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांची नावं आहेत, त्यांच्या स्मृतीसाठी दर एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह होतो. बाकी मृतांचा अंदाज ८०० ते १३०० असा हवा तसा ताणला जातो. हजेरीपटावर होते ते मोजले गेले आणि पाठीवर कापसाच्या गाठी वाहणारे हमाल त्या पाचशेच्या फरकात राहिले.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींची गोष्ट नेमकी उलट आहे. १९५६ ला चौकशी नव्हती, नावं होती. इथे चौकशी झाली आणि तीही अशी, की देशात तिच्यासारख्या फार थोड्या सापडतील. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग २५ जानेवारी १९९३ ला नेमला गेला. शिवसेना-भाजप युती सरकारने जानेवारी १९९६ मध्ये तो गुंडाळला, ओरड झाल्यावर मे महिन्यात पुन्हा सुरू केला आणि मार्च ९३ चे बाँबस्फोटही त्याच्या कक्षेत टाकले. अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये आला, विधिमंडळात ऑगस्टमध्ये. दुसऱ्या खंडात पोलीस ठाणेनिहाय प्रकरणं आहेत. भोईवाडा, काळाचौकी, ना. म. जोशी मार्ग, रफी अहमद किडवई मार्ग, व्ही. पी. रोड. आपापल्या वस्तीचं पान उघडून वाचावं असा हा ग्रंथ आहे, आणि ते वाचन सुखाचं नाही.

मृतांचा तक्ता असा: एकूण ९००. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अनोळखी, ५ इतर. कारणं: पोलिसांच्या गोळीने ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०, खासगी गोळीबारात २२, इतर ४. बेरीज दोन्हीकडून ९०० येते. १९४६ च्या आकड्यात मारलं कुणी आणि कशाने हे नव्हतं. इथे ते आहे, आणि त्यातून जे दिसतं ते भल्याभल्यांना गप्प करतं: मुंबईच्या दंगलीत सर्वाधिक माणसं भोसकून किंवा जाळून मेली नाहीत, ती पोलिसांच्या गोळीने मेली. एकूण आकडा ९०० की १००० यावर भांडणारे दोन्ही बाजूंना होते आणि आहेत. कारणांच्या रकान्यावर मात्र कुणी फारसं भांडत नाही, त्याच्याकडे पाहतच नाहीत.

कारणाचा रकाना भरणं सोपं नसतं हेही खरं. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला विदेशी कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू गेले. सरकारच्या लेखी तो अपघात होता, शहराच्या लेखी हौतात्म्य. १० जानेवारी १९७४ ला परळच्या मोर्च्यात वरून आलेल्या दगडाने दलित पँथरचे भागवत जाधव गेले, आणि वरळी-नायगावच्या त्या दंगलीवर भस्मे आयोग बसला. दगड कुणाच्या हातातून सुटला हे पोस्टमॉर्टेममध्ये कळत नाही. डॉक्टर जखम लिहितो, हात लिहीत नाही. हवाई हल्ल्यांतही वाद इथेच पेटतो. मोसुलमध्ये १७ मार्च २०१७ ला एका इमारतीवर अमेरिकेचा बाँब पडला. शंभरावर नागरिक मेल्याचं त्यांच्याच चौकशीने मान्य केलं, पण इमारत कोसळली ती आत पेरून ठेवलेल्या स्फोटकांमुळे, अशी पुस्ती जोडली.

श्रीकृष्ण आयोगाचा तक्ता इतका नेटका असूनही ९०० नावं सलग वाचायला मिळतील असा एकही फलक गिरगावपासून परळपर्यंत कुठे नाही. आणि ९०० च्या बाहेर आणखी एक रकाना आहे, बेपत्ता. त्यात १६८ जण आहेत. आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं मानता येतं. म्हणजे दंगलीत हरवलेल्या माणसाच्या बायकोने सात वर्षं ना सधवा ना विधवा राहायचं, रेशनकार्डावर त्याचं नाव ठेवायचं की काढायचं हे ठरवता येत नाही, खोलीचं भाडंपत्र त्याच्या नावावर. सरकारने मृत आणि बेपत्ता दोघांच्याही वारसांना दोन लाख रुपये द्यायचं ठरवलं. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्याचा हिशोब मागितला तेव्हा कळलं, की १६८ पैकी फक्त ६० घरांपर्यंत पैसे पोचले. उरलेली १०८ कुटुंबं सापडली नाहीत. न्यायालयाने त्यांना शोधायला समिती नेमली आणि व्याजही द्यायला सांगितलं. तीस वर्षांनी.

ती सापडली नाहीत, यात नवल काय? ज्या पत्त्यावरून माणूस हरवला तो पत्ता दंगलीनंतर राहिलाच नाही. लोकांनी मुंब्र्याची वाट धरली, कुणी गावी गेले. बेकरीत किंवा जरीच्या कारखान्यात झोपणाऱ्या एकट्या कामगाराचा पत्ता म्हणजे मालकाचा पत्ता, आणि त्याची आई कुठल्या तालुक्यात आहे हे मालकाला माहीत असतंच असं नाही. नुकसानभरपाईच्या यादीला पूर्ण यादी मानण्यातली खोट ही आहे. ती यादी मेलेल्यांची नसते, अर्ज करू शकणाऱ्या जिवंत माणसांची असते. आपल्याकडचे बहुतेक आकडे शेवटी त्याच यादीवर येऊन टेकतात.

याच शहरातला सगळ्यांत भक्कम आकडा कुठला? १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांचा. २५७ मृत, ७१३ जखमी. प्लाझापासून शेअर बाजारापर्यंत त्या दुपारी जे घडलं त्याच्या सुरुवातीच्या काही बातम्यांत मृत तीनशेच्या वर होते. मग तो आकडा खाली कसा आला आणि तिथेच घट्ट का राहिला? खटला उभा राहिला म्हणून. टाडा न्यायालयात खुनाचा आरोप लावायचा तर प्रत्येक मृताचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम आणि ओळख पटवणारा साक्षीदार लागतो. दंगलीतल्या किती तरी गुन्ह्यांवर त्याउलट ‘ए समरी’चा शिक्का बसला: गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही, फाइल बंद. शहर तेच, पोलीस तेच, मध्ये दोन महिन्यांचं अंतर. एकीकडे आरोपी शोधायचे होते म्हणून मृतही नीट मोजले गेले. स्फोटांच्या संख्येत मात्र जाणूनबुजून गडबड झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी एक स्फोट वाढवून सांगितला, मशीद बंदरचंही नाव घेतलं, म्हणजे एकाच समाजाच्या वस्त्या लक्ष्य झाल्या असं वाटू नये. पुढे त्यांनी ते स्वतःच जाहीर सांगितलं. त्या रात्री शहर पुन्हा पेटू नये हा हेतू कुणालाही पटेल. पण अधिकारावरचा माणूस चांगल्या हेतूने एक आकडा बदलू शकतो हे एकदा कळलं, की पुढच्या वेळी खऱ्या आकड्यावरही लोक शंका घेतात.

नंतरच्या घटनांत आकडे लवकर जमू लागले, तरी कडेला धूसरपणा राहतोच. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मृतांचा आकडा आधी १९५ सांगितला गेला आणि मग खाली आला, कारण काही प्रेतं दोन इस्पितळांच्या यादीत दोनदा धरली गेली होती. आज तो १६६ आहे. जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतला एक जखमी नऊ वर्षं बेशुद्धीत राहून २०१५ मध्ये गेला. तो कुठल्या वर्षाच्या मृतांत धरायचा? मोजणाऱ्या संस्थांचा नियम सांगतो, हल्ल्याच्या. आपल्याकडे असा लेखी नियमच नाही.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ जण मेले. हा कुणाचा हल्ला नव्हता, पण नोंदीचा प्रश्न उघड्यावर आला तो त्याच दिवशी. मृतदेह केईएमला नेले. तिथल्या न्यायवैद्यक विभागाने प्रत्येक मृताच्या कपाळावर मार्करने मोठा आकडा लिहिला, तशा चेहऱ्यांचे फोटो फलकावर लावले आणि नातेवाइकांनी फोटो पाहून क्रमांक सांगावा अशी व्यवस्था केली. ते फोटो बाहेर आले आणि गदारोळ उठला. माणसाच्या कपाळावर आकडा? विटंबनाच ती. डॉक्टरांचं म्हणणं असं की कागदाची चिठ्ठी पडते, गर्दीत दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल होते, कपाळावरचा आकडा पुसला जात नाही, आणि दहा-दहा प्रेतं उघडून दाखवत फिरवण्यापेक्षा आईबापांना एक फोटो दाखवणं कमी क्रूर आहे. टीका करणाऱ्यांची कळकळ खरी होती, पण मी या बाबतीत डॉक्टरांच्या बाजूचा. त्या दिवशी प्रेतांची अदलाबदल झाली नाही आणि ओळख पटवायला दिवसच्या दिवस लागले नाहीत. १९४६ ला किंवा १९५६ ला मॉर्गमध्ये कुणी असं केलं असतं, तर ‘बालमोहन’च्या पुढे आडनाव असतं.

जगात यावर दोन वाटांनी काम चाललं आहे. पहिली वाट नावानिशी यादीची. बोस्नियाच्या युद्धात दोन लाखांवर लोक मेले असं सर्रास बोललं जायचं. मिर्साद तोकाचा आणि त्यांच्या सारायेव्होतल्या संस्थेने गावोगाव फिरून, कागद आणि साक्षी जुळवून ग्रंथच काढला. त्यात ९५,९४० नावं आली. मृतांची किंमत कमी केली म्हणून त्यांच्याच लोकांनी त्यांच्यावर आग पाखडली. पण त्या ग्रंथानंतर कुणाला ‘काही झालंच नाही’ असंही म्हणता येईना. ड्रेस्डेनचं तेच. फेब्रुवारी १९४५ च्या बाँबफेकीतल्या मृतांच्या आकड्याला नाझी प्रचारकांनी मागे एक शून्य जोडून तो दोन लाखांवर नेला आणि पुढे साठ वर्षं तो फिरत राहिला. शहराने नेमलेल्या इतिहासकारांनी २०१० मध्ये कागदांवरून दाखवलं, की मृत जास्तीत जास्त २५,००० होते. फुगवलेला आकडा आणि नाकारलेला आकडा, दोघांवर उतारा एकच निघाला.

दुसरी वाट अंदाजाची, पण हिशोबी अंदाजाची. समजा, इस्पितळांच्या यादीत १०० नावं आहेत आणि स्मशान-कब्रस्तानांच्या नोंदवह्यांत १००. दोन्हींत ५० नावं सामायिक निघाली, तर एकूण मृत २०० च्या आसपास असावेत. सामायिक ९० निघाली, तर १११ च्या आसपास. दोन याद्या जितक्या कमी जुळतात तितके यादीबाहेर राहिलेले जास्त. याच तऱ्हेने सीरियातल्या दहा वर्षांतल्या १,४३,३५० नोंदलेल्या नागरी मृत्यूंवरून संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये एकूण ३,०६,८८७ नागरिक मेल्याचा अंदाज काढला. निम्म्याहून जास्त माणसं कुठल्याच कागदावर नव्हती. याद्या एकमेकांपासून स्वतंत्र असायला हव्यात, ही त्यातली मेख. एकीवरून दुसरी उतरवलेली असेल तर सगळं गणित कोसळतं. आपल्याकडे पोलिसांची यादी आणि भरपाईची यादी अशी उतरवलेलीच असते. पण स्मशानं आणि कब्रस्तानं स्वतंत्र आहेत, गिरण्यांचे हजेरीपट होते, कामगार संघटनांची दप्तरं होती.

होती, असं म्हणावं लागतं. गिरण्या गेल्या तसे हजेरीपट रद्दीत गेले. कोरोनर कोर्ट बंद होऊन पंचवीस वर्षं उलटली. १९५६ ला विशीत असलेली माणसं आज नव्वदीत आहेत. गिरगावातल्या चाळी पुनर्विकासात पाडल्या जाताहेत, आणि माळ्यावरच्या ट्रंकेतले दाखले, फोटो, वर्तमानपत्राची कात्रणं कुणी न बघता भंगारवाल्याकडे जाताहेत.

म्हणून मागणं मोठं नाही, दोनच गोष्टींचं आहे. राज्य सरकारने श्रीकृष्ण आयोगापुढच्या ९०० मृतांची आणि १६८ बेपत्तांची नावं ठिकाण, तारीख आणि कारणासह एका जागी प्रसिद्ध करावीत. वारसांना शोधायच्या कामालाही त्याची मदत होईल, कारण उत्तर प्रदेशातल्या किंवा रत्नागिरीतल्या कुणाला तरी त्यातलं एखादं नाव ओळखीचं निघेल. आणि वाचकहो, तुमच्या घरात फेब्रुवारी १९४६ किंवा जानेवारी १९५६ मध्ये कुणी गेलं असेल, तर ट्रंक उघडा, असेल तो दाखला बाहेर काढा, घरातल्या सगळ्यांत वृद्ध माणसाकडून नाव, तारीख आणि जागा लिहून घ्या आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात द्या. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आडनाव आठवत नसेल तर ‘ऊर्फ’ लिहिलंत तरी चालेल.